रामचंद्रन यांचे शोधनिबंध वाचताना

वर्षातून एकदा तरी मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी हमखास येते. अमुक महाविद्यालयातील अमुक प्राध्यापकांचा जगातील आघाडीच्या दोन टक्के संशोधकांच्या यादीत समावेश झालेला असतो. सोबत छायाचित्र असते, संस्थेच्या अध्यक्षांनी केलेले अभिनंदन असते. त्या प्राध्यापकांनी नेमके काय शोधून काढले, एवढे मात्र बहुधा नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी ही यादी मुख्यतः संदर्भांच्या हिशोबावर उभी आहे. कोणाच्या शोधनिबंधाचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, हा तो हिशोब. संशोधक मंडळी त्याला सायटेशन म्हणतात. हिशोब खोटा नसतो. पण आकडा वाचून संशोधनाची ओळख होत नाही, आणि ओळखच झाली नाही तर कौतुकही वरवरचेच राहते.

ती ओळख करून द्यावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे. विषय रेणवीय जीवशास्त्राचा, म्हणजे मॉलिक्युलर बायॉलॉजीचा. पेशीतले व्यवहार रेणूंच्या पातळीवर समजून घेणारे हे शास्त्र गेल्या पाऊणशे वर्षांत फार वेगाने वाढले. त्यातील एखाद्या संशोधकाचे प्रकाशित काम कसे वाचावे, त्याला मिळालेल्या संदर्भांचा अर्थ कसा लावावा आणि कुठे आकड्यावर विसंबू नये, हे आपण एका खऱ्या उदाहरणावरून पाहू. उदाहरण निवडले आहे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक जी. एन. रामचंद्रन (१९२२–२००१) यांचे. त्यांच्या कामात संदर्भांचे जवळजवळ सगळे प्रकार भेटतात: दाद देणारे, खोडून काढणारे, आणि नाव इतके रुळले की द्यायचेच राहून गेलेले. विज्ञानाची पदवी नसलेल्या वाचकांनीही बिचकू नये. शाळेतले अणू-रेणू आणि कंपासपेटीतला कोनमापक आठवत असला, की पुढचे सारे समजण्यासारखे आहे.

आधी ठिकाण. भारतीय विज्ञान संस्थेला बंगळुरूतले जुने लोक अजूनही 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात. जमशेदजी टाटांची कल्पना, त्यांच्या मुंबईतल्या मिळकतींचा निधी आणि म्हैसूर संस्थानाने दिलेली जमीन यांतून १९०९ साली ती उभी राहिली. १९३३ मध्ये सी. व्ही. रामन तिचे पहिले भारतीय संचालक झाले. केरळातील एर्नाकुलम येथे जन्मलेले, गणिताच्या प्राध्यापकांचे चिरंजीव रामचंद्रन १९४२ साली इथे आले ते विद्युत अभियांत्रिकी शिकायला. रामन यांनी त्यांना आपल्या भौतिकशास्त्र विभागात ओढून घेतले. पुढे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पीएच.डी., १९४९ मध्ये पुन्हा बंगळुरू, आणि १९५२ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, मद्रास विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुखपद. भौतिकशास्त्रातून आलेला हा माणूस जीवशास्त्राकडे वळला तो मद्रासला.

त्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला येऊन गेले. कोलॅजेन या प्रथिनाची रचना अजून कोणाला नीट उलगडलेली नाही, असे त्यांनी बोलता बोलता सुचवले. कोलॅजेन म्हणजे आपली कातडी, हाडे आणि स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा यांचा मुख्य आधार; सस्तन प्राण्यांच्या शरीरात सर्वाधिक प्रमाणात असलेले प्रथिन. मद्रासमध्येच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती, तेव्हा नमुने मिळण्याची सोय होती. कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेने क्ष-किरणांचे उत्तम चित्र दिले. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली 'नेचर' या साप्ताहिकात कोलॅजेनची रचना मांडली. पुढच्याच वर्षी तिच्यात सुधारणा करून त्यांनी दाखवले, की तीन साखळ्या एकमेकींभोवती वळून एकच पीळ तयार होतो. साखळीतला दर तिसरा घटक ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते, कारण पिळाच्या आतल्या बाजूला त्याहून मोठ्याला जागाच नाही.

या निबंधांना मिळालेला सर्वांत महत्त्वाचा संदर्भ विरोधाचा होता. १९५५ साली अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी 'नेचर'मध्येच आपली स्वतंत्र रचना मांडली. तीन साखळ्यांची कल्पना त्यांनीही धरली, पण रामचंद्रन यांच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या फार जवळ येतात, असा आक्षेप घेतला. क्रिक म्हणजे दोनच वर्षांपूर्वी डीएनएची रचना सांगणाऱ्या जोडीतले. केंब्रिजहून आलेला असा आक्षेप म्हणजे प्रकरण मिटले, असे मद्रासच्या एखाद्या तरुण प्राध्यापकाला सहज वाटले असते. रामचंद्रन यांनी आक्षेपातलाच प्रश्न उचलला. 'फार जवळ' म्हणजे नेमके किती जवळ? हे ठरवले कोणी, आणि कशाच्या आधारावर?

वाचकांनी इथे थोडे थांबावे, कारण संशोधन म्हणजे काय हे या टप्प्यावर स्वच्छ दिसते. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी त्या काळापर्यंत छापून आलेल्या सेंद्रिय स्फटिकांच्या रचना धुंडाळू लागले. कोणते दोन अणू प्रत्यक्षात किती जवळ आलेले आढळतात, याची त्यांनी नोंद केली आणि प्रत्येक जोडीसाठी दोन मर्यादा ठरवल्या: एक नेहमीची, दुसरी ताणून-ताणून गाठता येईल अशी. बंध नसलेल्या दोन कार्बन अणूंसाठी नेहमीची मर्यादा ३.२ अँगस्ट्रॉम, ताणलेली ३.०. दोन हायड्रोजनांसाठी २.० आणि १.९. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. हे कोष्टक स्वतः काही शोध नव्हते, पण पुढचे सगळे याच्यावर उभे राहिले.

आता मुख्य गोष्ट. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. दोन आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध आणि त्याच्या लगतचे अणू एका सपाट पातळीत ताठ असतात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आधीच दाखवले होते. मग साखळी वळते कुठे? प्रत्येक अमिनो आम्लाच्या मधोमध एक कार्बन अणू असतो, अल्फा कार्बन. त्याच्या दोन्ही बाजूंचे बंध फिरू शकतात. एका बाजूच्या फिरण्याचा कोन फाय, दुसऱ्या बाजूचा साय. म्हणजे साखळीच्या कण्याची घडी कशी पडेल, हे प्रत्येक दुव्यापाशी प्रामुख्याने दोन आकड्यांवर ठरते. दोनच आकडे असतील तर ते आलेखाच्या कागदावर मांडता येतात: आडव्या अक्षावर फाय, उभ्या अक्षावर साय.

रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी नेमके हेच केले. अणू म्हणजे टणक गोळे असे धरून दोन्ही कोन टप्प्याटप्प्याने बदलत जायचे, प्रत्येक जोडीला अणूंमधली अंतरे काढायची आणि ती कोष्टकातल्या मर्यादेत बसतात का ते पाहायचे. हे सगळे टेबलावरच्या गणकयंत्रावर केलेले काम. अंतरे बसली तर ते ठिकाण शक्य, अणू एकमेकांवर आदळले तर अशक्य. असे करता करता कागदाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग बाद झाला. उरली काही बेटे. एक −६०, −४५ अंशांच्या आसपास, जिथे पॉलिंग यांचे अल्फा मळसूत्र, म्हणजे साखळीचा स्प्रिंगसारखा पीळ, बसतो. दुसरे वरच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे साखळी ताणून झालेल्या बीटा पट्ट्या बसतात. तिसरे छोटेसे, डावीकडे वळणाऱ्या मळसूत्राचे. ग्लायसिनला बाजूची शाखा नसल्याने त्याला या कागदावर बरीच मोकळीक. प्रोलीनची शाखा कण्यालाच जाऊन मिळत असल्याने त्याला फारच कमी. 'स्टिरिओकेमिस्ट्री ऑफ पॉलिपेप्टाइड चेन कॉन्फिगरेशन्स' या शीर्षकाचा हा निबंध १९६३ मध्ये 'जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी'त प्रसिद्ध झाला. पाने पाच. त्या वेळी अणूंच्या पातळीवर तपशिलाने ठाऊक असलेले प्रथिन म्हणजे जवळजवळ एकटे मायोग्लोबिन. पुढे जी हजारो प्रथिने उलगडायची होती, त्यांच्या घड्या कुठे पडतील आणि कुठे पडणार नाहीत, हे या पाच पानांनी आधीच सांगून ठेवले होते. हाच तो रामचंद्रन आलेख. आज जीवरसायनशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात तो नाही असे विद्यापीठ शोधून सापडणार नाही.

मूळ निबंध उघडणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना. त्यातले आकडे आजच्या पाठ्यपुस्तकाशी जुळणार नाहीत. कोन मोजण्याची पद्धत तेव्हा वेगळी होती: अक्ष शून्यापासून ३६० अंशांपर्यंत धावतात, आणि दुसऱ्या कोनालाही साय हे नाव नव्हते. −१८० ते १८० ही आजची मांडणी नंतर सर्वसंमतीने ठरली. जुने निबंध वाचताना अशी अडचण नेहमी येते. तिने गोंधळून मूळ वाचन सोडू नये.

१९७०च्या सुमारास रामचंद्रन बंगळुरूला परतले आणि १९७१ साली भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी मॉलिक्युलर बायोफिजिक्स युनिट सुरू केले. शशिशेखरनही इथेच होते. ऑक्सफर्डला डोरोथी हॉजकिन यांच्यासोबत इन्सुलिनच्या रचनेवर काम करून आलेले एम. विजयन प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राचा पाया घालू लागले. मंजू बन्सल यांनी रामचंद्रन यांच्या मार्गदर्शनाखाली कोलॅजेनवर काम केले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून रसायनशास्त्राची पदवी घेतलेले पी. बलराम १९७३ साली इथे आले. आलेखाचे म्हणणे रसायनशास्त्राने कसे ताडून पाहिले, हे त्यांच्या कामात दिसते. अल्फा-अमिनोआयसोब्युटिरिक आम्ल नावाचे एक अमिनो आम्ल काही बुरशींच्या पेप्टाइडांत आढळते. ॲलनिनच्या अल्फा कार्बनवर एक मिथिल गट असतो, याच्यावर दोन. गर्दी वाढली की फिरायला जागा कमी. आलेखाच्या हिशोबाने या आम्लाला मळसूत्राच्या आसपासच राहणे भाग आहे. बलराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे पेप्टाइड तयार केले, त्यांचे स्फटिक मिळवले आणि रचना तपासल्या. साखळ्या खरोखरच मळसूत्रात वळलेल्या निघाल्या. मद्रासला कागदावर काढलेली रेघ बंगळुरूला काचेच्या नळीत खरी ठरली.

आता संदर्भांच्या हिशोबाकडे येऊ. या हिशोबाचे जनक फिलाडेल्फियाचे युजीन गारफील्ड. १९५५ साली, म्हणजे रिच आणि क्रिक यांचा आक्षेप ज्या वर्षी छापून आला त्याच वर्षी, गारफील्ड यांनी 'सायन्स' साप्ताहिकात संदर्भांची सूची तयार करण्याची कल्पना मांडली. त्यांचा हेतू गुणपत्रिका बनवण्याचा नव्हता. एखादा जुना निबंध वाचणाऱ्याला त्यावर नंतर कोणी टीका केली, कोणी चूक दाखवली, हे चटकन कळावे आणि कालबाह्य किंवा सदोष निष्कर्षांचा आंधळेपणाने पुनरुच्चार थांबावा, असे त्यांना वाटत होते. १९६४ पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघू लागला. पुढे नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर आला, म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात याचा आकडा. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला: एखाद्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस संदर्भ मिळाले असतील तर त्याचा अंक वीस. शोधाचे साधन हळूहळू मोजमापाचे साधन झाले, आणि मोजमापातून नेमणुका, बढत्या आणि जिल्हा पानावरच्या बातम्या ठरू लागल्या.

गारफील्ड यांचा मूळ हेतू ध्यानात ठेवला तर संदर्भ वाचण्याची रीत आपोआप सापडते. एखाद्या निबंधाला किती संदर्भ मिळाले, यापेक्षा ते कोणी, केव्हा आणि कशासाठी दिले हे विचारावे. रिच आणि क्रिक यांचा संदर्भ हिशोबात एकच धरला जातो, आणि प्रास्ताविकात सवयीने घातलेला कोणाचाही संदर्भ तसाच एक धरला जातो. पण पहिल्या संदर्भामुळे रामचंद्रन अणूंची अंतरे शोधायला बसले आणि त्यातून आलेख निघाला. दुसऱ्यामुळे काहीच घडले नाही. वादाचा निकालही पाहण्यासारखा आहे. तीन साखळ्यांच्या पिळाची मूळ कल्पना रामचंद्रन आणि कार्था यांची म्हणून मान्य झाली. साखळ्यांमधील हायड्रोजन बंधांच्या तपशिलात रिच आणि क्रिक यांची बाजू खरी ठरली. १९९४ साली कोलॅजेनसारख्या पेप्टाइडच्या स्फटिकाची बारकाईने काढलेली रचना प्रसिद्ध झाली, तीत दोन्ही गोष्टी दिसल्या. आधी कोण आणि बरोबर कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. संदर्भांच्या बेरजेतून दोहोंपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.

दुसरा प्रकार याहून चमत्कारिक. एखादी कल्पना सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडते की तिचा मूळ निबंध कोणी सांगतच नाही. पाढे म्हणताना ते कोणी रचले हे कोण सांगतो? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी विज्ञानातल्या या प्रकाराची नोंद केली आहे. रामचंद्रन आलेखाचे तसेच झाले. १९७१ साली, बंगळुरूचे युनिट सुरू झाले त्याच वर्षी, अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे प्रोटीन डेटा बँक सुरू झाली. तेव्हा तिच्यात सात रचना होत्या, आज दोन लाखांहून अधिक आहेत. प्रथिनाची नवी रचना तिथे दाखल करताना आलेखावरची तपासणी होतेच. किती दुवे शक्य भागात पडले आणि किती बाहेर, हे अहवालात नमूद असते. १९९३ साली आलेला 'प्रोचेक' हा संगणक-कार्यक्रम, नंतरचा 'मोलप्रोबिटी', सगळ्यांत हा आलेख आहे. संगणकाने भाकीत केलेल्या रचनाही याच कसोटीवर घासल्या जातात. आता १९६३च्या निबंधाचे संदर्भ मोजा: काही हजार. वापर लाखांत आणि संदर्भ हजारांत, कारण संशोधक वापरलेल्या कार्यक्रमाचा संदर्भ देतात, त्यामागच्या पाच पानांचा देत नाहीत.

उलटे उदाहरणही जवळ ठेवावे. ऑलिव्हर लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली द्रावणातील प्रथिनाचे प्रमाण मोजण्याची एक सोयीची पद्धत प्रसिद्ध केली. तिला तीन लाखांहून अधिक संदर्भ मिळाले आणि जगात सर्वाधिक संदर्भ मिळालेला शोधनिबंध म्हणून ती कित्येक वर्षे मिरवली. पद्धत उपयोगाची होती यात शंका नाही. पण त्याच दशकातला डीएनएच्या रचनेचा निबंध संदर्भांत तिच्या आसपासही नाही, म्हणून लोरी यांचे काम वॉटसन आणि क्रिक यांच्याहून मोठे असे कोणी म्हणणार नाही. पद्धतीच्या निबंधांना आणि आढावा-लेखांना जास्त संदर्भ मिळतात. रामचंद्रन यांचेच पाहा. १९६८ मध्ये शशिशेखरन यांच्यासोबत त्यांनी 'ॲडव्हान्सेस इन प्रोटीन केमिस्ट्री'मध्ये दीडशेहून अधिक पानांचा आढावा लिहिला. अनेक संशोधक पाच पानांच्या मूळ निबंधाऐवजी त्याचाच संदर्भ देतात, कारण सगळे एका ठिकाणी मिळते.

तिसरी गोष्ट श्रेयाची. आलेखाला एकाचे नाव लागले, निबंधावर तिघांची आहेत. वाचकांनी शोधनिबंधाच्या माथ्यावरची नावे नेहमी सावकाश वाचावीत. आजच्या रेणवीय जीवशास्त्रात पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम केलेल्या विद्यार्थ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते. १९६३ साली ही रीत इतकी पक्की नव्हती. तिथे पहिले नाव रामचंद्रन यांचेच आहे. पण त्या आलेखातला प्रत्येक बिंदू हाताने काढणाऱ्यांत रामकृष्णन होते, हे लक्षात ठेवणे वाचकाच्या हातात आहे.

आणखी एक निबंध सांगायलाच हवा, कारण तो जीवशास्त्राच्या सीमेबाहेर जाऊन बसला. १९७१ साली रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये एक गणिती रीत मांडली. वेगवेगळ्या दिशांनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रांवरून आतली वस्तू उभी करायची, तीही फूरिए रूपांतराच्या लांबलचक आकडेमोडीखेरीज. त्याच वर्षी लंडनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. रामचंद्रन यांची रीत पुढे या क्षेत्रात रूढ झाली आणि तिच्यातली एक पायरी आजही प्रतिमा-संस्करणाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'राम-लॅक फिल्टर' या नावाने मिळते. ती निवडणाऱ्या अभियंत्याला हे नाव दोन माणसांचे आहे, याचा पत्ता असतोच असे नाही.

काही योगदान असे, की ते संदर्भांच्या कोणत्याच सूचीत येत नाही. बंगळुरूतच याचे एक उदाहरण आहे आणि त्याची सुरुवात मुंबईत होते. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि कुलाब्याला त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. तापमान वाढले की लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांवर त्यांनी सीमोर बेंझर यांच्यासोबत केलेले काम १९७६ साली प्रसिद्ध झाले. नंतर त्याच विभागातून बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीबीएस, निर्माण झाले; कृषी विद्यापीठाच्या जीकेव्हीके आवारात ते १९९०च्या दशकात उभे राहिले. माश्यांना वास आणि चव कशी कळते यावर पायाभूत काम करणाऱ्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज याच परंपरेतल्या. सिद्दिकी यांच्या निबंधांना मिळालेले संदर्भ कोणीही मोजू शकेल. त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेतून दुसऱ्यांनी लिहिलेल्या निबंधांत त्यांचा वाटा किती, हे कोणत्या सूत्रात बसवणार? रामचंद्रन यांच्या युनिटबद्दलही हाच प्रश्न पडतो.

हे सगळे वाचून संदर्भांचा हिशोब टाकाऊ आहे, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. योग्य जागी तो फार कामाचा. एखादा निबंध प्रकाशित होऊन दहा वर्षे झाली आणि त्याकडे कोणी वळून पाहिले नाही, तर तेही काही सांगून जाते. तक्रार आहे ती आकड्याला निकाल समजण्याविषयी. बंगळुरूतूनच निघणाऱ्या 'करंट सायन्स' या १९३२ पासूनच्या नियतकालिकाचे बलराम दीर्घकाळ संपादक होते. इम्पॅक्ट फॅक्टर आणि एच-इंडेक्सच्या आहारी जाण्याबद्दल त्यांनी आपल्या संपादकीयांतून वारंवार लिहिले. २०१२ च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे संशोधन-मूल्यमापनाविषयी एक जाहीरनामा तयार झाला. नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाचे काम तोलू नये, कामच वाचावे, हा त्याचा मुख्य आग्रह.

तर मग नवख्या वाचकांनी सुरुवात कुठून करावी? आधी कोणत्याही जीवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला रामचंद्रन आलेख समोर ठेवा आणि फाय व साय कोणत्या बंधांभोवती फिरतात हे आकृतीत बोटाने शोधा. जमल्यास अणू-रेणूंचा संच घेऊन दोन पेप्टाइड घटक जोडा आणि हाताने फिरवून पाहा. अणू कुठे अडतात ते बोटांना कळेल. त्यानंतर १९५४ आणि १९५५ चे कोलॅजेनवरचे निबंध वाचा. दोन्ही आखूड आहेत. लगेच रिच आणि क्रिक यांचा आक्षेप वाचा. मग १९६३ ची पाच पाने. या क्रमाने गेलात तर पाच पानांतले प्रत्येक वाक्य कोणत्या प्रश्नाला उत्तर देते आहे, ते कळेल. १९६८ चा आढावा नंतरसाठी ठेवा आणि लागेल तसा उघडा. भौतिकशास्त्रातून येणाऱ्यांनी मध्येच १९७१ च्या गणिती निबंधाकडे वळावे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बलराम यांचे पेप्टाइडांवरचे काम अधिक जवळचे वाटेल.

शेवटी एक छोटा प्रयोग, ज्याला इंटरनेटपलीकडे काही लागत नाही. प्रोटीन डेटा बँक सर्वांना विनामूल्य खुली आहे. तिथे इन्सुलिन किंवा हिमोग्लोबिन शोधा, अलीकडची कोणतीही एक नोंद उघडा आणि तिचा तपासणी-अहवाल उतरवून घ्या. त्यात रामचंद्रन यांच्या नावाखाली आकडे दिलेले असतील: इतके दुवे शक्य भागात, इतके बाहेर. बाहेर पडलेला एखादा दुवा असेल तर तो कोणत्या अमिनो आम्लाचा आहे ते पाहा. चूक आहे की त्या प्रथिनाच्या कामासाठी खरोखरच तिथे ताण आहे, हा प्रश्न संशोधकांनाही पडतो. मग ज्या निबंधात ती रचना प्रसिद्ध झाली त्याची संदर्भसूची चाळा आणि १९६३ शोधा. बहुधा सापडणार नाही. असे चार-पाच निबंध पाहून झाले, की संदर्भांच्या आकड्यांकडे पाहण्याची तुमची स्वतःची नजर तयार होईल, आणि जिल्हा पानावरची पुढची बातमी वाचताना पहिला प्रश्न मनात येईल तो त्या प्राध्यापकांनी काय शोधले हा.